हेर ठरवण्याआधी थोडे ऐकावे

माननीय संपादक महोदय,

विमानांचे रेडिओ संदेश घरबसल्या ऐकून त्यांचा माग ठेवणारे आमच्यासारखे छांदिष्ट म्हणजे ‘हौशी हेर’, असे सांगणारा कालच्या अंकातील लेख वाचला आणि आपण गेली सहा वर्षे देशाच्या सुरक्षेला धोका आहोत हे प्रथमच समजले. विमान आपला क्रमांक, उंची, वेग आणि ठिकाण १०९० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर स्वतःच सांगत असते, तेही उघड, कोणत्याही सांकेतिक भाषेविना; आम्ही ते केवळ ऐकतो आणि त्यासाठी टीव्हीकरिता निघालेला बोटभर रिसीव्हरही पुरतो. ज्या लष्करी विमानाला दिसायचे नसते, ते आपला ट्रान्सपाँडर, म्हणजे हे सारे सांगणारे यंत्र, बंद ठेवते. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तत्कालीन सभापती पेलोसीबाईंना २०२२मध्ये तैवानला नेणाऱ्या हवाई दलाच्या विमानाचा माग हौशींनी काढला, हा दाखला लेखकाने मोठ्या थाटात दिला आहे. परंतु त्या विमानाने दक्षिण चिनी समुद्राला वळसा घातला तरी ट्रान्सपाँडर चालूच ठेवला होता, म्हणूनच ते उतरताना सात लाखांहून अधिक लोक त्याचा माग संकेतस्थळावर पाहू शकले. हे अमेरिकी हवाई दलाच्या ध्यानात आले नसावे, असे लेखकाचे मत असल्यास माझा नाइलाज आहे.

अशा लेखांचे पुढे काय होते, ते मी भोगले आहे. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, मे २०२५मध्ये, आमच्या सोसायटीच्या एका सदस्याने असेच काहीतरी वाचून गच्चीवरील माझ्या अँटेनाविषयी तक्रार केली. हा अँटेना म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटरची उभी तांब्याची तार आणि तिच्याखाली तशाच चार आडव्या तारा. कार्यकारिणीची तातडीची सभा भरली, मला उभे करून ‘हे पलीकडे काही पाठवते का’ असे विचारण्यात आले आणि रिसीव्हर पाठवत नाही, फक्त घेतो, हे तीनदा सांगूनही इतिवृत्तात ‘संशयास्पद यंत्र’ अशीच नोंद झाली. त्याच गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आहे आणि तो अहोरात्र पाठवत असतो. मात्र त्याचे भाडे येत असल्याने तो संशयास्पद नाही. चौकशीला आलेल्या हवालदारांनी चहा घेतला, माझ्या संगणकाचा पडदा न्याहाळला आणि आपल्या पुतण्याचे दुबईहून येणारे विमान कुठवर आले, एवढेच विचारले. ते विमान समुद्रावर होते. पुढे अर्ध्या तासात ते आमच्या कोपरखैरण्यावरूनच मुंबईच्या धावपट्टीकडे उतरले, तेव्हा सभेला आलेली मंडळीही माना वर करून पाहत होती.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत नौदलाचे टेहळणी विमान म्हणून छापलेले छायाचित्र साध्या प्रवासी बोइंग ७३७चे आहे. नौदलाचे पी-८आय हे टेहळणी विमान त्याच ७३७-८००च्या सांगाड्यावर बेतलेले असल्याने दुरून गल्लत होऊ शकते, हे मान्य. परंतु या छायाचित्रात प्रवाशांच्या खिडक्यांची सलग रांग स्पष्ट दिसते. हवाई टेहळणीवर इशारा देणाऱ्या वृत्तपत्राने निदान खिडक्या तरी मोजाव्यात. मागील पत्रातही मी अशीच एक चूक कळवली होती. तिची दुरुस्ती अद्याप वाचनात आलेली नाही.

माझा अँटेना सध्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीशेजारी आहे. इमारत आड येत असल्याने पश्चिमेकडचे काहीही त्याला ऐकू येत नाही. गच्चीच्या परवानगीसाठी मी पुन्हा अर्ज केला असून, तो विचाराधीन असतानाच आपला लेख सोसायटीच्या सूचना फलकावर लावण्यात आला आहे.

आपला,
एक नियमित वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई