रूपकुंडाची वाट उघडण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तराखंडाच्या हिमालयातील रूपकुंड या तळ्याचा ट्रेक पूर्ववत सुरू करावा, अशी मागणी आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींत वरचेवर होते. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. बेदिनी बुग्याल, पाथर नाचौनी, भगवाबासा असे टप्पे घेत चढणारी ही वाट एका दिवसात उरकणारी नसल्यामुळे मुक्कामबंदी ही जवळजवळ ट्रेकबंदीच ठरली आणि पायथ्याच्या वाण, लोहाजंग या गावांतील खेचरवाल्यांचा, वाटाड्यांचा रोजगार बुडाला, ही तक्रार रास्त आहे. तंबू उठल्यावर बेदिनीच्या गवतावर उरलेले पिवळे चौकोन मी स्वतः पाहिले असल्याने न्यायालयाचे म्हणणेही मला पटते. माझी खरी चिंता मात्र कुरणांपेक्षा वरची, सुमारे 16 हजार फुटांवरच्या त्या लहानशा तळ्याची आहे.

तेथील मानवी सांगाड्यांची बाहेरच्या जगाला 1942 मध्ये माहिती झाली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 38 जणांच्या हाडांतील डीएनए तपासला गेला, तेव्हा 23 जण दक्षिण आशियाई वंशाचे, तर 14 जण थेट पूर्व भूमध्य प्रदेशातील वंशाचे निघाले, आणि या दोन गटांच्या मृत्यूंत सुमारे हजार वर्षांचे अंतर आढळले. सगळे एकाच गारपिटीत मेले, ही आम्हाला वाटेत ऐकवलेली कथा त्यामुळे निकालात निघाली. या सांगाड्यांच्या अभ्यासात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही वाटा आहे. परंतु दरडींनी आणि आमच्यासारख्या हौशी लोकांनी ही हाडे इतकी विस्कटली आहेत की, कोणते हाड मुळात कोठे होते हे आता सांगता येत नाही.

बंदीच्या बऱ्याच आधी आमच्या गटातील दोघांनी छायाचित्रासाठी कवट्या दगडावर मांडल्या, एकाने हाडाचा तुकडा पाठपिशवीत टाकला आणि मी, वयाने सर्वांत मोठा असूनही, गप्प राहिलो.

म्हणून वाट उघडायचीच असेल, तर तळ्याच्या काठावर उतरण्यास पूर्ण मनाई असावी, दर्शन वरूनच घ्यावे आणि राखणीचे काम वाण-लोहाजंगच्याच लोकांना पगारी द्यावे. शिवाय पूर्वी उचलून नेलेली हाडे नाव न विचारता परत घेण्याची सोय भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाने करावी. आमच्या सोबत्याच्या कपाटात तो तुकडा अजून आहे, आणि तो कोणाकडे द्यावा, असे त्याने मला अलीकडेच विचारले.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, पुणे