आतल्या पेशीचं विभाजन कुणाच्या हातात?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या सहजीवनात फायदा नक्की कुणाचा, असं तू विचारलं होतंस. माझ्या मते त्याआधी एक पाहावं लागतं: आत राहणाऱ्या पेशीचं विभाजन कुणाच्या हातात आहे?

फिओसिस्टिस हे एकपेशीय शैवाल घे. मोकळं असताना ते झपाट्याने वाढतं, बुळबुळीत वसाहती करतं. त्याला बहर आला की किनाऱ्यावर फेसाचे थर साचतात. इवल्याशा पेशीत साधारण दोनच हरितलवक, म्हणजे प्रकाशातून अन्न तयार करणारे हिरवे भाग. पण अकँथेरिया या एकपेशीय जीवाने तिला आत घेतलं की तिचं रूपच पालटतं. (या यजमानाचे काटे स्ट्रॉन्शियम सल्फेटचे, किती सुंदर! मेल्यावर ते समुद्राच्या पाण्यात विरघळून जातात.) आतली पेशी कितीतरी पटींनी फुगते, हरितलवक डझनावारी होतात, तिने केलेलं अन्न यजमानाला मिळतं. आणि तिचं विभाजन मात्र रोखलं जातं, असं जोहान देसेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलं. मला तरी यात भागीदारी दिसत नाही. ही दावणीला बांधलेली दुभती गाय आहे.

दुसरीकडे ब्रारुडोस्फेरा. इथे शैवालच यजमान. त्याच्या आत नत्र स्थिर करणारा, म्हणजे नत्र वायू सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणारा जिवाणू राहतो, यूसीवायएन-ए. जोनाथन झेर यांच्या गटाला त्याचा माग १९९८ मध्ये पॅसिफिकच्या पाण्यातल्या केवळ डीएनएवरून लागला. मूळचा तो सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातला, पण स्वतः कार्बन स्थिर करण्याची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून अन्न करण्याची क्षमता गमावून बसलेला. क्योको हागिनो यांनी वर्षानुवर्षं खटपट करून हे शैवाल प्रयोगशाळेत जगवलं, म्हणून पुढचं सगळं कळलं. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो. २०२४ मध्ये क्ष-किरण प्रतिमांतून दिसलं, की हा जिवाणू यजमान पेशीच्या विभाजनाच्या तालावरच दुभागतो. त्याला लागणारी कित्येक प्रथिनंही यजमानच पुरवतो. ही सोबत सुमारे १० कोटी वर्षांची असावी. संशोधक आता त्याला पेशीचं अंगकच, म्हणजे हरितलवकासारखा पेशीचाच एक भाग मानतात, नायट्रोप्लास्ट.

दोन्हीकडे लगाम यजमानाच्याच हाती. पण पहिल्यात पाहुण्याची वाढ अडवली आहे, दुसऱ्यात त्याची प्रत्येक पिढी यजमानाच्या पिल्लांबरोबर पुढे जाते. म्हणून नायट्रोप्लास्टला फायद्यात धरायला मी तयार आहे, कैदेतल्या फिओसिस्टिसला नाही. तुला हे पटतं का, सविस्तर लिही.

तुझा,
विनय