‘गोवा १९६१’च्या पदकाची नोंद सैनिकाने का शोधायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईत भाग घेतलेल्या माजी सैनिकांच्या राहून गेलेल्या पदकांविषयी परवाच्या अंकात आपण बातमी दिलीत, याबद्दल आभार. हा विषय सहसा कोणी हाती घेत नाही. परंतु माजी सैनिक वेळेवर अर्जच करीत नाहीत, त्यामुळे त्यांची पदके राहून जातात, असे एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने त्या बातमीत म्हटले आहे, ते वाचून आमच्या घरात सगळ्यांनाच वाईट वाटले आणि मला रागही आला. अर्ज करणाऱ्यांचे पुढे काय होते, हे आपल्या प्रतिनिधीने एखाद्या माजी सैनिकाच्या घरी जाऊन विचारायला हवे होते. फोंड्यात आमच्याकडे ते आले असते, तर मी अर्ज, पोचपावत्या आणि उत्तरे यांची अख्खी फाईल त्यांच्यापुढे ठेवली असती.

माझे सासरे १९६१ च्या डिसेंबरात दुसऱ्या पॅरा (मराठा) पलटणीत शिपाई होते. पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडची ही पलटण १८ डिसेंबरला गोव्यात शिरून फोंड्याकडे आली, याबद्दल कुठेही दुमत नाही. फोंड्यात एका घरातल्या बाईंनी त्यांना आणि त्यांच्या सोबतच्यांना ऊन पेज आणि तोरांचे लोणचे वाढले होते, ही आठवण ते आजही सांगतात. पुढे त्यांची दुसऱ्या युनिटमध्ये बदली झाली, १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे त्यांनी पाहिली आणि नायब सुभेदार म्हणून ते निवृत्त झाले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पदकांचे जे पान आहे, त्यावर कोणा कारकुनाने निळ्या शाईने, वळणदार इंग्रजी अक्षरात समर सेवा स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचे मेडल अशा नोंदी ओळीने केलेल्या आहेत. या सगळ्यांच्या आधी यायला हवी ती गोव्याची नोंद मात्र त्या पानावर नाही.

गोव्याच्या कारवाईसाठी सैनिकांना जनरल सर्व्हिस मेडल १९४७ हे पदक आणि त्याच्या फितीवर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी देण्यात आली. या पदकाच्या दर्शनी बाजूवर तेजोवलयातील भवानी तलवार आहे. मराठा पलटणीतून गोव्यात आलेल्या माणसाला त्या पदकाचे मोल काय वाटत असेल, हे मराठी वाचकांना मी वेगळे सांगायला नको. या पदकाला कसलाही भत्ता नाही आणि पेन्शनमध्ये त्याने एका पैशाचीही वाढ होत नाही. तरीही आमच्या तालुक्यात मुक्तिदिनाला माजी सैनिकांचा सत्कार झाला, तेव्हा यादी डिस्चार्ज बुक पाहून केली गेली आणि फोंड्यात राहणाऱ्या, फोंड्याच्या मोहिमेतल्या या माणसाला बोलावणे आले नाही. त्या दिवशी ते इस्त्री केलेला सदरा घालून दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून होते.

नोंद कशी राहते, हे सैन्यात नोकरी केलेल्या कोणालाही विचारावे. पदकाची मंजुरी येऊन पलटणीची यादी निघेपर्यंत जवान कित्येकदा दुसरीकडे गेलेला असतो. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीत काय चढवायचे याचा पलटणीचा लेखी आदेश, जुन्या पलटणीतून निघते आणि ती त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे लष्कराकडे राहणाऱ्या त्याच्या सेवेच्या नोंदपत्रात, चढायची राहून जाते. निवृत्तीच्या वेळी कारकून शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरतो, त्यामुळे तिथली चूक इथे जशीच्या तशी उतरते. यात जवानाचा दोष कुठे आहे? स्वतःचा शीट रोल त्याने नोकरीत असताना कधी हातातसुद्धा घेतलेला नसतो.

मी स्वतः राज्य सरकारच्या आस्थापना शाखेत आयुष्य काढले आहे. सेवापुस्तिकेतील प्रत्येक नोंद कार्यालय करते आणि तिच्यावर सही कार्यालयप्रमुखाची असते. एखादी वेतनवाढ चढवायची राहिली, तर ती आम्ही आमच्याच कार्यालयाच्या आदेशावरून चढवत असू. कर्मचाऱ्याने पुरावा घरून आणावा, असे आम्ही कधी म्हटले नाही. सैनिकाच्या बाबतीत मात्र सगळा भार त्याच्यावर टाकला जातो. पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाकडे, आपण त्या दिवसांत गोव्यात प्रत्यक्ष हजर होतो याचा पुरावा मागितला गेला. एका खिडकीवर पदक हरवल्याची पोलीस तक्रार आणायला सांगितले. पदक हरवल्यावर दुसरी प्रत मागायची असेल तर ती तक्रार लागते, हे मला कळते. पण जे पदक हातात पडलेच नाही, ते हरवल्याची खोटी तक्रार एका नायब सुभेदाराने पोलिसांत कशी लिहून द्यायची?

सर्वांत जिव्हारी लागले ते त्यानंतर आलेले लेखी उत्तर. आमच्या अर्जात ‘ऑपरेशन विजय, गोवा, डिसेंबर १९६१’ असे स्वच्छ लिहिलेले होते. उत्तर आले की, अर्जदार १९९९ पूर्वीच सेवानिवृत्त झालेले असल्याने ऑपरेशन विजय मेडलसाठी ते पात्र नाहीत. कारगिलच्या लढाईलाही ऑपरेशन विजय हेच नाव होते आणि त्या नावाचे स्टार व मेडल १९९९ च्या मोहिमेचे आहे, हे खरे. परंतु ज्याने हे उत्तर लिहिले त्याने अर्जातील गोवा हा शब्द आणि वर्ष, दोन्हींपैकी काहीच वाचले नाही. सासऱ्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मग एवढेच विचारले, की गोव्यात आम्ही गेलो होतो हे आता त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही का?

शेवटी माहितीच्या अधिकारात आम्ही त्यांच्या शीट रोलची प्रत मागवली आणि ती मिळाली. त्यात डिसेंबर १९६१ मध्ये ते कोणत्या पलटणीत होते, ते स्पष्ट लिहिलेले आहे. ती पलटण तेव्हा कुठे होती, हे लष्कराला इतर कोणी सांगण्याची गरज नाही. म्हणजे जो पुरावा आमच्याकडे मागितला जात होता, तो मागणाऱ्यांच्याच कपाटात पहिल्यापासून होता. आता आम्हाला सल्ला मिळतो आहे की, सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागा. कोणी म्हणते, बाजारात नक्कल पदक मिळते, ते आणून छातीवर लावा. ज्याच्या कडेवर आपला नंबर, हुद्दा आणि नाव सरकारने कोरलेले नाही, असे पदक लावायला सासऱ्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांचे बरोबर आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या कारवाईतील पलटणींच्या याद्या आणि हयात निवृत्तिवेतनधारकांचे शीट रोल लष्कराच्या अभिलेख कार्यालयानेच आपणहून ताडून पाहावेत, जिथे नोंद राहिली असेल तिथे शुद्धिपत्र काढावे आणि पदक घरपोच द्यावे. सैनिक हयात नसेल तर ते त्याच्या पत्नीला द्यावे. हयात निवृत्तिवेतनधारक कोण, हे सरकारला पक्के माहीत आहे, कारण दरवर्षी त्यांच्याकडून हयातीचा दाखला घेतला जातो. शिवाय पेन्शन न मिळणाऱ्या जवानांची कागदपत्रे पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात, तेव्हा ज्यांची शिल्लक आहेत त्यांच्या बाबतीत तरी चालढकल करू नये. त्या वेळी विशीत असलेले जवान आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दलही एक तक्रार करणे मला भाग आहे. त्या बातमीसोबत आपण जे छायाचित्र छापले, त्यात बर्फाच्छादित शिखरावर तिरंगा उंचावणारे जवान आहेत, आणि बातमीत पदकाचे नाव ऑपरेशन विजय मेडल असे दिले आहे. गोव्यात बर्फ पडत नाही, आणि १९६१ च्या कारवाईच्या पदकाचे हे नाव नाही. आमच्या अर्जाला आलेल्या उत्तरातही हाच घोळ होता. पणजीत छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात तरी तो होऊ नये, अशी माझी अपेक्षा होती. आपली बातमी वाचून कित्येक घरांतले मुलगे, सुना, नातवंडे अर्ज लिहायला बसली असतील आणि त्यात चुकीचे नाव घालत असतील. म्हणून कृपया उद्याच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती छापावी आणि तीत पदकाचे नाव ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७, पट्टी गोवा १९६१’ असे पूर्ण द्यावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, फोंडा