जा, पण किल्ली ठेवून जा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मॉडिंग, म्हणजे तयार गेममध्ये बदल आणि भर घालणारे ‘मॉड’ बनवणं, सोडायचं ठरवलंयस, हे तू परवा फोनवर सांगितलंस तेव्हा मी फारसं बोललो नाही. तू दमलेला होतास, आणि दमलेल्या माणसाला सल्ले नको असतात. पण तेव्हापासून मनात बरंच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. तुला अडवण्यासाठी हे पत्र नाही. तू इतक्या रात्री जागून जे केलंस त्याचे कुणी पैसे दिले नव्हते, कुणाशी करारही नव्हता. निघायचं केव्हा, हे ठरवणारा तूच.

तुझी कारणंही मला पटतात. आपला गेम ‘स्कायरिम’ आला 2011 मध्ये, 2016 मध्ये त्याची स्पेशल एडिशन आली, तेव्हा एकदा सगळं नव्याने जुळवलं. मग नोव्हेंबर 2021 ची ॲनिव्हर्सरी एडिशन. गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने कम्पायलर (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणारं साधन) बदलला आणि गेमच्या आतल्या फंक्शनचे, म्हणजे कोडच्या तुकड्यांचे, पत्ते तर हललेच, काही फंक्शनं दुसऱ्यांच्या पोटात गडप झाली. स्क्रिप्ट एक्स्टेंडर या चाहत्यांच्या जोड-प्रोग्रामच्या आधारावर चालणारे, गेमच्या कोडमध्येच शिरणारे डीएलएल मॉड एका दिवसात निकामी झाले. खेळणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की काल चालणारा गेम आज सुरूच होत नाही. कुणीतरी डिसअसेंबलर, म्हणजे तयार प्रोग्राम उकलून दाखवणारं साधन, उघडून एकेक फंक्शन पुन्हा हुडकत बसलंय, हे त्याला कसं दिसावं? तो विचारतो, “अपडेट कधी?” एकाने विचारलं तर काही वाटत नाही. रोज नवा माणूस तेच विचारतो तेव्हा हळूहळू आतून काहीतरी विझत जातं. तुझ्या आवाजात मला ते ऐकू आलं.

आणि हे फक्त आपल्याच गेमचं नाही. ‘फॉलआउट 4’ या गेमवर लंडन शहर उभारणाऱ्या मंडळींचं बघ. कित्येक वर्षांचं काम एप्रिल 2024 मध्ये बाहेर यायचं होतं, आणि नेमकं त्याच सुमारास मूळ गेमचं मोठं अपडेट आलं. मॉड जुलैत आला. ते टिकले, कारण अनेक जण होते. एकटा माणूस अशा वेळी सरळ कॉम्प्युटर बंद करतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पैसे मिळाले असते तर मुरलेले लोक टिकले असते, असं काही जण म्हणतात. 2015 च्या एप्रिलमध्ये स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावर विकतचे मॉड आले होते. मॉडरच्या हातात किमतीचा चौथा हिस्सा, आणि लोकांचा राग इतका की काही दिवसांतच योजना मागे घेतली गेली. मला विचारशील तर तुझा थकवा पैशाने गेला नसता. विकतच्या वस्तूबद्दल तगादा दुपटीने झाला असता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. जुना मॉडर जातो तेव्हा लोक फायलींची काळजी करतात. फायली बहुतेक वेळा राहतात, कुणाकडे ना कुणाकडे प्रत असतेच. जातं ते ‘हे असं का केलंय’ याचं ज्ञान. आठवतं, मूळ गेममधली एखादी भिंत किंवा खांब मॉडमधून कधीच डिलीट करायचा नाही, हे तू मला शिकवलं होतंस. डिसेबल करायचा आणि जमिनीखाली खोल नेऊन टाकायचा. कारण दुसऱ्या एखाद्या मॉडने त्याच खांबाचा आधार घेतलेला असेल तर डिलीट केलेल्या वस्तूला हात लागताच गेम क्रॅश होतो. नेव्हमेशचं, म्हणजे पात्रांना चालायची वाट दाखवणाऱ्या अदृश्य जाळीचंही तेच, उडवलेली नेव्हमेश म्हणजे पात्रांनी त्या वाटेवर पाऊल टाकताच घात. चालू खेळातून स्क्रिप्टचा मॉड काढला तर सेव्हमध्ये त्याचे अवशेष राहतात आणि पुढे कधीतरी उपद्रव देतात. क्रिएशन किट, हे मॉड बनवायचं अधिकृत साधन, यातलं काही हात धरून समजावत नाही. हे शहाणपण असंख्य क्रॅशमधून गोळा झालं आणि एकाने दुसऱ्याला सांगत आपल्यापर्यंत आलं. तुझ्याकडे असं किती साठलंय, याचा तुला स्वतःलाही पत्ता नसेल.

2021 ची ती कटुता तू विसरला नसशील. मॉड ठेवायची साइट असलेल्या नेक्ससने ठरवलं, की मॉड यापुढे कायमचा पुसता येणार नाही, फार तर लोकांच्या नजरेआड ठेवता येईल. कारण त्यांच्या नव्या कलेक्शनमध्ये, म्हणजे अनेक मॉडच्या तयार संचात, एक मॉड निघाला की बाकीची मांडणी कोसळते. सगळं काढून घ्यायला थोडी मुदत दिली, आणि काही जुन्या लोकांनी खरोखरच सगळं काढून घेतलं. आपल्या निर्मितीवरचा शेवटचा शब्द आपला असावा, हे त्यांचं म्हणणं मला आजही योग्य वाटतं. तरीही त्यांनी शेकडो इतर मॉडच्या पायाखालची जमीन काढून घेतली, याचं दुःख कमी होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांची वजाबाकी मला जमत नाही.

म्हणूनच ज्यांनी वारसा नीट पुढे दिला त्यांच्याकडे मी फार आदराने बघतो. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ 2004 मध्ये अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी तो बनवणारी ट्रोइका कंपनी बंद पडली. एका चाहत्याने अनधिकृत पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारा मॉड, सुरू केला, मग तो जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाकडे सोपवला, आणि त्या माणसाने तो वर्षानुवर्षं जोपासला. आज तो गेम खेळायचा तर त्या पॅचसकटच, असं सगळे सांगतात. सुरुवात करणाऱ्याने ‘माझं आहे, हात लावू नका’ म्हटलं असतं तर?

‘मॉरोविंड’ या गेममध्ये नवे प्रदेश जोडणारा ‘टॅमरिएल रीबिल्ट’ मॉड तर तो गेम बाजारात यायच्या आधी, 2001 मध्येच सुरू झाला. सुरुवातीचे बहुतेक लोक केव्हाच आपापल्या संसाराला लागले, तरी नवे प्रदेश अजून येत आहेत. तिथे एक जण एखादी गुहा किंवा गावाचा तुकडा मागून घेतो, दुसरा ते काम तपासतो, मग ते मोठ्या नकाशात मिसळतं. कामाची रचनाच अशी, की कुणीही गेला तरी काम अडत नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ गेमच्या मॉडर मंडळींतही मूळ लेखक गायब झाला आणि त्याची परवानगी आधीच मोकळी असली, तर दुसरा कुणीतरी अनधिकृत अपडेट काढतो आणि श्रेय मूळ माणसालाच राहतं.

तुझ्या मॉडला सध्या कुलूप आहे. परवानगी ‘विचारल्याशिवाय बदल नको’ अशी, आणि विचारायचं तर तूच असणार नाहीस. लावलंस तेव्हा कुलूप योग्यच होतं, तुझं काम उचलून स्वतःच्या नावावर खपवणारे मी पाहिलेत. पण आता जाताना किल्ली ठेवून जा. डीएलएलचा सोर्स कोड एखाद्या मोकळ्या परवान्याखाली टाक. परवानगीच्या रकान्यात लिही, की महिनाभर उत्तर आलं नाही तर कुणीही दुरुस्ती करून प्रसिद्ध करावी, श्रेय द्यावं आणि ती विकू नये. टेक्स्चर आणि मेश (वस्तूंची रंगरूपं आणि आकार) तुझ्या मनाला येईल तसे ठेव, ते तुझ्या हातचे आहेत, त्यांत मी बोलणार नाही. पण कोड मरू देऊ नकोस.

आणि टिपणं. नीटनेटकी नकोत. कुठलं फंक्शन कशासाठी हुक केलंय (मध्येच अडवून आपला कोड चालवलाय), लढाई सुरू होताना तो छोटा विलंब मुद्दाम का ठेवलाय, कुठल्या मॉडशी भांडण होतं आणि तू ते कसं मिटवलंस, जसं आठवेल तसं लिही. लिहायचा कंटाळा असेल तर बोल, रेकॉर्ड कर आणि मला पाठव. उतरवून काढायचं काम माझं. बग रिपोर्टही यापुढे मी बघेन. डीएलएलमध्ये मला तुझ्याइतकी गती नाही, पण ज्याला आहे असा कुणी सापडेपर्यंत लोकांना उत्तरं देणं मला जमेल.

काम सोपवलंस म्हणजे परत यायची वाट बंद झाली, असं मनात आणू नकोस. सहा महिन्यांनी नुसता एक खेळाडू म्हणून आलास तरी मला तितकाच आनंद होईल. तू हा गेम शेवटचा मजेसाठी कधी खेळला होतास? माझ्या आठवणीत तरी तू फक्त चाचण्याच घेत असतोस.

फोल्डर जसा असेल तसा पाठव, आवरत बसू नकोस. रविवारी सकाळी मी मोकळा आहे. तू फोन केलास तर लढाईच्या स्क्रिप्टपासून सुरुवात करू, तीच मला सगळ्यात कमी कळते.

तुझा मित्र