बुडालेल्या पोराच्या भावाचं नाव छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ख्रिस्ती कादंबऱ्यांवर जो लेख आलाय त्यावर हे लिहितेय. लेखकाचं म्हणणं असं की यात लेकरू जातं, आईबाप रडतात, देवावर चिडतात, मग कोणतरी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाहीतर एखादी म्हातारी भेटते आणि शेवटच्या पन्नास पानांत सगळं गोड होतं, हा सगळा अमेरिकेतला माल, आपला काय संबंध. अर्धं मला पटलं, मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि असली पुस्तकं आमच्यात हातोहात फिरतात, त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचा शेवट मी न वाचताच सांगू शकते. पण अमेरिकेतला माल म्हणायच्या आधी जरा थांबा, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ ची, लिहिणारे बाबा पदमनजी, जन्म बेळगावचा म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या शेजारचेच, ख्रिस्ती झालेले, आणि पुस्तक कशावर तर विधवांच्या हालांवर. उपदेश त्यात पण भरपूर आहे, ते सोडा.

लेखात ज्या 'द शॅक'ची सगळ्यात जास्त टिंगल केलीय ती विल्यम पॉल यंग यांची कादंबरी २००७ ची, धाकटी मुलगी गमावलेल्या एका बापाची गोष्ट, २०१७ ला सिनेमा पण आला. देव त्यात काळ्या बाईच्या रूपात येतो, पवित्र आत्म्याचं, म्हणजे आमच्यात देवाचंच एक रूप मानतात त्याचं, नाव चक्क सरयू, त्यामुळं तिकडचे कितीतरी पाळक खवळले होते. मला त्या वादात पडायचं नाही. बाप एका विकेंडात देवाला भेटून बरा होऊन येतो हे मला पण पचलं नाही, आमच्या ओळखीत ज्यांची लेकरं गेली त्यांची वर्षं गेली तरी जेवताना घास अडकतो. तरी त्या पुस्तकात एक गोष्ट अशी आहे की जी लेखकाच्या नजरेतून साफ सुटली आणि माझ्या डोक्यातून जात नाही.

ती मुलगी हरवते कशी बघा. कुटुंब तळ्याकाठी कॅम्पला गेलेलं, दोन मोठी भावंडं होडीत, मोठी बहीण केट हात हलवल्यासारखं वल्हं वर करते, तिचा तोल जातो आणि होडी पलटी होते, भाऊ खाली अडकतो, बाप त्याला वाचवायला पाण्यात उडी मारतो आणि तेवढ्यात कॅम्पवर मागं राहिलेल्या धाकटीला कोणीतरी उचलून नेतं. आता बाप स्वतःला खातोय हे सगळ्यांना दिसतं, पुस्तक त्याच्यावरच आहे. पण केटला वाटतंय की मी वल्हं उचललं नसतं तर होडी पलटली नसती, होडी पलटली नसती तर बाबा जागेवरून हलले नसते, आणि हे ती कोणाला बोलत नाही, नुसती घुमी होत जाते, चिडचिड करते. बापाला पण ते आपणहून कळत नाही, सांगावं लागतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या पुस्तकाचा गोडमिट्ट शेवट माफ केला.

हे मला लागलं कारण मी शिक्षिका होते, आता रिटायर आहे. आपल्याकडं दरवर्षी मे महिना आला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पंचगंगा, राजाराम तलाव, खेड्यात विहिरी, कोणाच्या पाठीला डबा, कोणाच्या काखेत ट्यूब, पोरं पोहायला जातात आणि त्यातलं एखादं घरी येत नाही. माझ्या वर्गात असाच एक पोरगा होता, पाचवीतला. धाकटा भाऊ गेला तेव्हा हा बरोबर होता. तेराव्यानंतर शाळेत आला, अभ्यास करायचा, डबा खायचा, सगळं व्यवस्थित. एकदा मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गाच्या एका बाईंनी त्याला जवळ घेऊन विचारलं की तू तेव्हा कुठं होतास रे बाळा, तर तो म्हणाला, "मी टॉवेल आणायला वर गेलतो, खाली आलो तर नव्हता." पुढं आणखी कोणी विचारलं, परत तेच, शब्द न् शब्द तोच, मधे श्वास पण त्याच ठिकाणी घ्यायचा, पाढे म्हणतात तसं. मग माझ्या लक्षात आलं की दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं त्याला हेच विचारलेलं असणार. काका, मावशी, शेजारची, पोलीस, पेपरवाले. दहा वर्षांचं पोर, जबाब देऊन देऊन त्याचा तो जबाब पाठ झाला होता.

त्यात कोणाची नियत वाईट नव्हती हो. पण आपल्याकडं माणसं भेटायला येतात ती आईबापाला. आईला पाणी पाजतात, बापाच्या खांद्यावर हात ठेवतात, आमच्यात पाळक येऊन प्रार्थना करतात, तुमच्यात दहावा बारावा होतो, आणि घरातलं दुसरं पोर आतल्या खोलीत शेजाऱ्याच्या मोबाईलवर गेम खेळत बसलेलं असतं, सगळे म्हणतात लहान आहे त्याला काय कळतंय. सगळं कळतंय. अगदी लहान असेल तर त्याला असंही वाटतं की परवा भांडणात मी त्याला मर म्हटलं म्हणूनच तो मेला, हे काय मी मनाचं सांगत नाही, मुलांच्या मनावर काम करणारे डॉक्टर हे कायम सांगतात.

आणि बोलायची घाई हा आपला जुना रोग आहे. बायबलमधला ईयोब बघा, दहाच्या दहा पोरं एका दिवसात गेली, त्याचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कोणी एक अक्षर बोललं नाही. तिथंच गप्प राहिले असते तर बरं झालं असतं. पुढं तोंड उघडलं आणि त्यातला बिल्दद सरळ म्हणतो की तुझ्या पोरांनीच काहीतरी पाप केलं असणार. शेवटी देव चिडतो तो या मित्रांवर, ईयोबावर नाही. आणि शेवट गोड गोड म्हणतात ना, तर मेंढरं सात हजारांची चौदा हजार होतात, पोरं पुन्हा दहाच होतात, पण गेलेली दहा परत आली असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. ख्रिस्ती कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी हे नीट वाचलं तर शेवटची पन्नास पानं जरा कमी गोड होतील, इथं मी तुमच्या लेखकाच्या बाजूनं आहे.

आता पेपरचं. तुमच्याच असं नाही, सगळ्याच पेपरांत बुडाल्याची बातमी आली की "मोठ्या भावाच्या डोळ्यांदेखत" हे ठळक अक्षरात असतं, खाली भावाचं नाव, वय, इयत्ता, कधी शाळा पण. ते कात्रण घरात राहतं, शाळेत पोरं वाचतात, उद्या मोठा झाला की गुगलवर त्याच्या नावापुढं तेच येणार. पोलिसांना जबाब लागतो तो त्यांनी घ्यावा, वाचकाला त्या पोराचं नाव कशाला पाहिजे? भाऊ सोबत होता एवढं लिहिलं तरी बातमी पुरी होते, आणि माझं मत विचाराल तर तेवढंही नको.

दुसरं, बातमीखाली एक ओळ टाका. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून सुरू आहे आणि आमच्या गल्लीत विचारलं तर एकालाही माहीत नव्हता. आई, बाप, बहीण, भाऊ, कोणीही फोन करू शकतं असं स्पष्ट लिहा, नाहीतर लोकांना वाटतं हे वेड्यांसाठी आहे. मे महिना यायच्या आधी सुरू केलंत तर बरं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर