‘डिस्को दीवाने’ची कॅसेट लावण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, माळ्यावरची नाझिया हसनच्या गाण्यांची ‘डिस्को दीवाने’ सापडली हे छान झालं, पण एवढ्यात लावू नका. 1981 सालची फीत सहसा शाबूत असते. तिचा घात करतो तो वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेला टेपरेकॉर्डर.

आधी कॅसेट उजेडात धरा आणि काचेतून गुंडाळीची कड बघा. तपकिरी आणि एकसारखी दिसली तर ठीक. पांढरे ठिपके किंवा भुकटी असेल तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. ती हेडला, म्हणजे टेपरेकॉर्डरमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढच्या कॅसेटलाही लागते, म्हणून तशी कॅसेट पिशवीत बांधून वेगळी ठेवा. मग खालच्या उघड्या बाजूला, बरोबर मध्ये, पातळ पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा तुकडा आहे ना पाहा. फीत हेडवर दाबून धरायचं काम तो करतो. डिंक वाळला की तो गळतो आणि गाणं घोंगडीखालून आल्यासारखं दबकं वाजतं. कवचाला पाच स्क्रू असतील तर टाकाऊ कॅसेटमधली पट्टी काढून इथे बसवता येते. कवच चिकटवलेलं असेल तर मात्र उघडायच्या फंदात पडू नका.

आता पेन्सिल घालून दोन्ही चक्रं थोडी हाताने फिरवा. जड जात असतील तर कॅसेट तळहातावर हलकेच आपटा, चिकटून बसलेले वेढे सुटतात.

टेपरेकॉर्डरचं काम जास्त आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, बाटलीवर 99 टक्के लिहिलेलं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातल्या ग्लिसरिनचा थर हेडवर बसतो. कानकोरण्याच्या कापसाला थोडं लावून हेड आणि रोलरशेजारची बारीक लोखंडी काडी पुसा. कापूस तपकिरी झाला तर घाबरू नका, जुन्या फितींवरचा तो लोहाचा थर आहे. कापूस पांढरा येईपर्यंत पुसत राहा. काळा रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसलेला बरा, अल्कोहोलने जुनं रबर कडक होऊ शकतं. दहा मिनिटं सगळं वाळू द्या.

पहिली कॅसेट लावायची ती जिचं काही झालं तरी चालेल अशी. प्ले दाबल्यावर उजवीकडचं चक्र न अडखळता फिरतंय का, तेवढंच बघा. आतला बेल्ट सैल झाला की ते चक्र थांबतं, पण काडी आणि रोलर फीत पुढे ढकलतच राहतात. ती गोळा व्हायला जागा नसते आणि मग रोलरभोवती गुंता होतो. टेप ‘खाल्ली’ म्हणतो ती अशी. चक्र अडखळत असेल तर मशीन दुरुस्तीला द्या आणि बेल्ट बदलून घ्या.

वेग तपासायला मोबाईलवर तेच गाणं लावून ताडून बघा. फीत सेकंदाला 4.76 सेंमी सरकायला हवी. वेग सहा टक्क्यांनी कमी झाला की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतं, म्हणजे काळी दोनचं पांढरी दोन. आई, हे तुझ्या कानाला बाबांच्या आधी कळेल!

चांगली वाजली तर त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. वायर हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या लाइन-इनमध्ये घाला. माइकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो. संगणकावरच्या आवाजाच्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका आणि एक बाजू सलग घ्या. खरखर काढायच्या सोयी आत्ता वापरू नका, खरखरीबरोबर झांजाही जातात.

आता गाण्यांबद्दल. मुलांच्या कानाला तेव्हा फक्त चाल आणि ठेका कळायचा. आता खालचा बास ऐका, गाणं चालतं ते त्याच्यावर. संगीतकार बिद्दू बंगळूरचा, पण घडला इंग्लंडात. 1974 च्या ‘कुंग फू फायटिंग’ या डिस्को गाण्याची निर्मिती त्यानेच केली होती, आणि तोच डिस्को इथे हिंदी-उर्दू शब्दांना जोडलाय. गायिका नाझिया हसन तेव्हा जेमतेम 15-16 वर्षांची. गळ्यात हरकती नाहीत, मुरक्या नाहीत, बोलल्यासारखं गाणं. ‘नाकात गाते’ हे आईचं तेव्हाचं मत अगदीच चूक नव्हतं, पण मजा त्यातच आहे. त्या काळच्या सिनेमातल्या उंच, घोटीव आवाजांपुढे हा आवाज शेजारच्या घरातला वाटतो. शब्दांकडून मात्र फार अपेक्षा नको. तिचा भाऊ झोहेब याची गाणी मला आजही तितकी लागत नाहीत.

बाबा, कानाच्या मशीनचं एक सांगायचं राहिलं. शिट्टी वाजू नये म्हणून त्यात जी सोय असते, तिला सिंथेसायझरचा लांबवलेला सूरही शिट्टीच वाटतो. ती तो कापायला जाते आणि सूर थरथरतो. मग दोष टेपरेकॉर्डरला मिळतो. ऑडिओलॉजिस्टकडे ‘म्युझिक प्रोग्रॅम’ टाकून मागा, बहुतेक नव्या मशीनमध्ये तो असतो. आणि टेपरेकॉर्डरमध्ये हेडचा कल बदलणारा शेजारचा छोटा स्क्रू मात्र मी येईपर्यंत फिरवू नका. तो झांजा ऐकत-ऐकत जुळवावा लागतो.

तुमची,
लेक