चाई पडलेल्या दात्याला कारण तरी सांगा

महोदय,

राजारामपुरीत नुकत्याच झालेल्या मूलपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) दाता नोंदणी शिबिरात, डोक्यावर रुपयाएवढी चाई पडलेल्या एका तरुणाला गालाच्या आतील नमुना घेण्याआधीच ‘तुमचे चालणार नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले आणि कारण विचारल्यावर कोणालाही उत्तर देता आले नाही.

केस गळण्यामागे एकच आजार नसतो. आनुवंशिकतेने येणारे नेहमीचे टक्कल या दानाच्या आड येत नाही. येत असते तर आपले निम्मे काका-मामा बाद झाले असते. चाई हा मात्र स्वयंप्रतिकार विकार आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक्षमता स्वतःच्याच पेशींवर उलटते. तो संसर्गजन्य नाही. तरीही मूलपेशींबरोबर दात्याची रोगप्रतिकारक्षमताही रुग्णाकडे जाते, आणि दानापूर्वी चार-पाच दिवस दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांमुळे असे विकार बळावू शकतात, म्हणून चौकशी व्हायलाच हवी. ल्युपस या दुसऱ्या स्वयंप्रतिकार आजारातही केस गळतात आणि तेथे नकार समजण्यासारखा आहे; परंतु चाईवर केवळ मलम लावणारा दाता आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारा दाता यांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

सख्ख्या भावंडाशी ऊतींच्या प्रकाराची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता जेमतेम 25 टक्के असल्याने अनेक रुग्णांची भिस्त अनोळखी दात्यांवरच असते. तेव्हा आयोजकांनी निर्णय स्वयंसेवकांवर न सोपवता, आजार व औषधांची नोंद घेऊन तो नोंदणी संस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवावा आणि दात्याला लेखी कळवावा.

– एक वाचक, कोल्हापूर